नथ सापडू नये म्हणून

बायजाने यंत्राचा दांडा धरला आणि असा हिसडा दिला की प्रल्हादच्या कानांवरचा हेडफोन घसरून गळ्यात आला.

"इकडं नाय. त्या दोन सुरूंच्या समोर. गौर तिथं बुडवली होती."

"बाई, यंत्र सोडा. नाजूक असतं ते."

"मी पन नाजूकच होते. बावीस वर्षं झाली."

प्रल्हादने हेडफोन परत कानांवर चढवला आणि मुकाट्याने सुरूच्या त्या दोन झाडांकडे वळला. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्याने हे धातू शोधायचं यंत्र घेतलं होतं. कुठल्या तरी व्हिडिओत एक माणूस वाळूतून दर पाच मिनिटांनी अंगठी काढत होता, ते बघून. दोन वर्षं तो एव्हरशाईन सिटीतून स्कूटरवर राजोडीच्या किनाऱ्यावर येत होता. आजवर मिळालं ते असं: सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, जाळ्यांची शिसं, गंजलेल्या किल्ल्या, गणपतीचे पत्र्याचे मुकुट आणि एक कवळी, जिच्या तारेमुळे यंत्र वेड्यासारखं ओरडलं होतं. त्याची बायको मीरा सोसायटीत सगळ्यांना सांगायची, "आमचे हे रोज समुद्र झाडून येतात. पालिकेने आता पगार सुरू करावा."

बायजाने त्याला गाठलं ते चार दिवसांपूर्वी. बराच वेळ कमरेवर हात ठेवून ती बघत राहिली, मग थेट विचारलं,

"हा धंदा हाय का छंद?"

"सोनं मिळालं की धंदा. तोवर छंद."

"आनि सोनं किती वेळा मिळालं?"

"एकदाही नाही."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "मग तूच पायजेस."

प्रल्हादला आधी कळेना. तिने सांगितलं ते असं. बावीस वर्षांपूर्वी गौरीच्या विसर्जनाला घरची नथ हरवली. बायजाच्या सासूला तिच्या सासूने दिलेली, सात मोत्यांची. गौरीला घरचं खरं सोनं घालायचं आणि पाण्यात सोडण्याआधी उतरवायचं, ही रीत. बायजा म्हणत होती, मी उतरवली, करंड्यात ठेवली. करंडा रिकामा निघाला. सगळ्यांनी मानलं की घाईत ती विसरली आणि नथ गौरीच्या नाकातच गेली. त्या दिवसापासून गौरीचा साज चढवायला तिला हात लावू दिला नाही. आधी जावेने चढवला, आता सून संजना चढवते. बायजा दारात बसून वाती वळते. सासू मरताना पाणी मागत होती, तेसुद्धा बायजाच्या हातचं घेतलं नाही.

"सगळा किनारा शोध," ती म्हणाली, "आनि गावासमोर सांग, नथ नाय. कधी नव्हतीच."

"म्हणजे सापडू नये म्हणून शोधायचं?"

"तुला जमतं ना ते?"

तर असं ते काम. बायजाने भाताची रोपं लावायला वाफे पाडतात तसे वाळूचे सोळा वाफे पाडले, बांबूच्या खुंट्या ठोकल्या, सुंभ बांधलं. भरती यायची आणि निम्म्या खुंट्या घेऊन जायची. बायजा समुद्राला गावठी शिव्या घालून दुसऱ्या दिवशी नव्या ठोकायची.

कामाच्या दुसऱ्याच दिवशी बळीराम आला. बायजाचा नवरा. त्याची बुलेट दिसायच्या आधी कोसभर ऐकू यायची. ही बुलेट त्याला एका कारखानदाराने बक्षीस दिली होती, कारण बळीरामने त्याला गोखिवऱ्याच्या विहिरीतून केसांना धरून वर काढलं होतं. कारखानदार टकला होता हे गावाला पुढे कळलं, पण तोवर गोष्ट जुनी झाली होती. नथेची गोष्टही त्याचीच. माडाएवढी लाट आली, तिला हात होता, हाताला पाच बोटं होती आणि त्यातल्या दोन बोटांनी तिने गौरीच्या नाकातली नथ अलगद उचलली. गावाने बोटं वजा केली आणि उरलेलं खरं मानलं.

"कोनाला विचारून खनतोस रे?" बळीराम गाडीवरूनच ओरडला. "ही वाळू तुझ्या बिल्डिंगच्या गच्चीवरची हाय?"

"मी बोलावलंय त्याला," बायजा म्हणाली.

"कशाला? गावात तमाशा कराया?"

"तमाशा बावीस वर्षं चाललाय. आता खेळ संपवते."

"समुद्रानं नेलेलं परत मागत नायत, बायजा. दर्या कोपतो."

"कोपू दे. मी कोपलेय त्याचं काय?"

बळीरामने एका खुंटीला लाथ मारली. बायजाने ती उचलली, नवऱ्याच्या पायापासून चार बोटांवर वाळूत उभी धरली आणि दगडाने ठोकली. दगड तिसऱ्यांदा खाली आला तेव्हा बळीरामने पाय मागे घेतला. मग त्याने बुलेटला तीन किका मारल्या, चौथ्या किकेला ती चालू झाली आणि किनारा धुराने भरला. प्रल्हादच्या लक्षात आलं, म्हातारा रागावलेला कमी आणि घाबरलेला जास्त होता. पण ते त्याने स्वतःपाशीच ठेवलं. परक्या नवराबायकोच्या मधे बोलू नये एवढं विमा कंपनीत शिकायला मिळतंच.

दहा दिवसांत पंधरा वाफे झाले. झाकणं, खिळे, एक जोडवं, तेही जर्मन सिल्व्हरचं. दर वाफा रिकामा निघाला की बायजाची मान बोटभर वर व्हायची. संध्याकाळी तिच्या ओटीवर चहा घेताना प्रल्हाद सुनेच्या गोष्टी ऐकायचा. संजना माणिकपूरच्या एका सोन्याच्या दुकानात काउंटरवर असायची आणि गिऱ्हाइकांवर वैतागून घरी यायची.

"आता चार-पाच वर्षं प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरांचा नंबर कोरलेला येतो," ती सांगायची. "आधी असं काही नव्हतंच. पण बायका आजीच्या बांगड्या घेऊन येतात आणि माझ्याशी भांडतात, यावर नंबर का नाही!"

बळीराम आत जेवत असायचा. जेवताना तो तोंडाचा आवाज फार करायचा, त्यामुळे त्याला किती ऐकू गेलं कोण जाणे.

शेवटच्या वाफ्याचा दिवस बायजाने ठरवून गौर यायच्या आदल्या दिवशी ठेवला आणि गावाला निरोप धाडला. ओहोटी लागली तेव्हा पंचवीसेक माणसं जमली होती. बळीरामचा पुतण्या कल्पेश मोबाइल उगारून उभा होता. शेजारच्या वाडीतली पॉलिन घरून स्टूल घेऊन आली होती. बळीराम सगळ्यात शेवटी आला, चालत. चेहऱ्यावर राग औषधाला नव्हता. उलट त्याने थर्मासमधून प्रल्हादला चहा ओतून दिला.

"शेवटचा वाफा नीट बघा हो भाऊ. तो कोपरा विशेष."

यंत्र त्याच कोपऱ्यात वाजलं. प्रल्हादने असा आवाज दोन वर्षांत ऐकला नव्हता. स्वच्छ, गोड, एकसारखा. तो गुडघ्यांवर बसला आणि हाताने वाळू उपसू लागला. तीन बोटं खाली, शेवाळाच्या गुंडाळीत, नथ होती. सात मोत्यांची.

 सगळे एकदम बोलले.

"सापडली गो बायजा!" पॉलिन स्टुलावरून उठली.

"झाला ना काका धंदा सुरू!" कल्पेशने प्रल्हादच्या पाठीवर थाप मारली.

आणि गर्दीतली एक म्हातारी, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, म्हणाली, "म्हंजे सासू खरं बोलत होती. हीच इसरली होती."

बायजाची वर झालेली मान तशीच राहिली, पण तिचा चेहरा राखेसारखा झाला. बळीराम मात्र खुलला होता. तो पुढे आला, तिच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "झालं गेलं. चूक मानसाच्या हातूनच होते. उद्या तूच घाल गौरीला. मी सांगतो सगळ्यांना."

तिने खांदा काढून घेतला. प्रल्हादच्या तळव्यावरची नथ उचलली, अंगठ्याने मोती पुसले. मोती दुधासारखे पांढरे होते. तिने नवऱ्याच्या वाळूने माखलेल्या चपलांकडे पाहिलं.

"भाऊ," तिने प्रल्हादला विचारलं, "बावीस वर्षं दर्यात राहिलेली वस्तू कशी दिसते?"

प्रल्हादने पिशवीत हात घातला आणि सकाळी मिळालेलं एक नाणं तिच्या हातावर ठेवलं. काळं, खडबडीत, कडा खाल्लेलं. त्यावरचं साल वाचता येत नव्हतं.  आयुष्यात पहिल्यांदा त्याला सोनं सापडलं होतं आणि ते परत पुरून टाकावंसं वाटत होतं.

बायजाने नाणं परत दिलं. नथ मुठीत धरली आणि घराकडे चालू लागली. मागे सगळी वरात.

अंगणात फणसाखाली बुलेटची निळी ताडपत्री घडी घालून ठेवली होती. जिथे गाडी उभी असायची तिथे तेलाचा काळा डाग होता आणि त्यावर एक कोंबडी पाय झाडत होती. बायजा डागापाशी थांबली.  ज्या वर्षी करंडा रिकामा निघाला, त्याच वर्षाच्या दसऱ्याला या जागी पहिल्यांदा झेंडूचा हार घातलेली बुलेट उभी राहिली होती. तिने कोंबडीला हुसकावलं, पायाने थोडी माती ओढून डाग झाकला. मग पुन्हा पायानेच ती माती बाजूला सारली.

ओटीवर बळीरामची गोष्ट सुरू झाली होती. लोक बसले होते, चहा फिरत होता.

"तीच लाट!" तो सांगत होता. "काल पहाटे मी एकटाच उभा. तीच, माडाएवढी. मी म्हटलं, बाई, माझ्या बायकोनं एक चूक केली, तिला किती वर्षं भोगायची? तर लाट थांबली. अशी, इथपर्यंत वर..."

त्याने हात डोक्याच्या वर उंच नेला.

"संजना," बायजा दारातून म्हणाली. "जरा बाहेर ये. तुझी नजर चांगली हाय."

संजना तांदळाचे हात पुसत आली. बायजाने नथ तिच्या हातात दिली, मागची बाजू वर करून.

"हिच्या फाशाजवळ, नाकात अडकवतात तिथं, बारीक कायतरी कोरलंय. मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

संजनाने नथ उजेडात धरली. आधी सासूकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. मग अक्षरं वाचायला लागली, एकेक करून. सहाच होती.

बळीरामची लाट तशीच वर उभी राहिली.