सकाळचा अंगठा

चौसाळ्याच्या सुंदररावांना कुणी विचारलं, की मालक, दिवसभर काय करता, तर ते म्हणायचे, "काय न्हाई बे, फोन सांभाळतो." आणि ते खोटं नव्हतं. दोन वर्षांखाली त्यांनी बीडला जाऊन मोठा फोन घेतला, नात आरोहीनं तो चालवायला शिकवला, आणि तिथून पुढं माणूस कामातून गेला. सकाळी एका हातात कपबशी, दुसऱ्या हातात फोन. रात्रीतून साठ-सत्तर मेसेज पडलेले असायचे. फुलं, उगवता सूर्य, सुविचार, कुणाचा वाढदिवस, कुणाचं दहावं. एवढं सगळं वाचत बसायला कुणाला सवड हाय? आरोहीनं त्यावर तोड काढून दिली होती. मेसेजवर बोट दाबून धरायचं, पिवळा अंगठा येतो, तो द्यायचा. समोरच्याला वाटतं आजोबांनी वाचलं. सुंदरराव दहा मिनिटांत साऱ्या दुनियेला अंगठे वाटून मोकळे व्हायचे. बायको वच्छलाबाई आतून म्हणायची, "झाला का जप? आता आंघोळीला उठा."

त्या मंगळवारीही साडेसहाला जप झाला. आंघोळ झाली, भाकरी झाली. साडेनवाला गावाच्या ग्रुपवर एक फोटो आला. दोन बाजूंना दोन समया आणि खाली ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. सुंदररावांचं बोट सवयीनं जोडलेल्या हातांच्या चित्राकडं गेलंसुद्धा. मग त्यांना फोटोतला चेहरा दिसला. तो अर्जुनरावांचा होता.

अर्जुनराव म्हणजे त्यांचा पहिलीपासूनचा दोस्त. बायको तुळजाबाईसोबत शेतातल्या वस्तीवर राहायचे, गावापासून तीन किलोमीटरवर. रस्ता डांबरी, सुंदररावांच्या दारात चारचाकी उभी. तरी गेल्या सहा महिन्यांत दोघांची गाठ पडली नव्हती. पूर्वी रोज संध्याकाळी स्टँडवर चहा व्हायचा. मग दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानात फोन घेतले, विसरायला नको म्हणून कुलपाचा आकडाही एकच ठेवला, आणि चहा बंद पडला. रोज सकाळी मेसेज येतोच की, मग जायचं कशाला?

"कोण बे हे हलकट?" सुंदरराव ओरडले. "जित्या माणसाचा फोटो टाकायलेत! आजच सकाळी अर्जुन्याचा मेसेज आलाय मला."

वच्छलाबाईला दाखवावं म्हणून त्यांनी तो मेसेज काढला. कालचं कमळ, परवाचा गणपती, प्रत्येकाखाली त्यांचा अंगठा. सगळ्यात खाली आजचा, सहा वाजून बावीस मिनिटांचा. त्यात ना फूल होतं ना सूर्य.

'सुंद्या छातीत लई दुकायलय गाडी घेऊन ये लवकर'

आणि त्याच्याखाली पिवळा अंगठा.

वच्छलाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झालं? कोन गेलं?"

सुंदररावांनी फोन मांडीवर पालथा घातला. "अर्जुन्या गेला," एवढंच म्हणाले. तिनं तिथंच बसून रडायला सुरुवात केली. त्यांना रडू आलं नाही. खरं सांगायचं तर दुःख मागं राहिलं आणि भीती पुढं आली. ह्या मेसेजचं कुणाला कळलं तर? अर्जुन्याचा फोन कुणाच्या हातात असेल आत्ता? हे आपल्या मनात आधी यावं याची त्यांना लाज वाटली. पण भीतीला लाज कुठं असते!

ते मोरीत गेले, दार लावून घेतलं आणि त्या मेसेजवर बोट दाबून धरलं. दिलेला अंगठा काढता येतो हेही आरोहीनंच शिकवलं होतं. दोनदा भलतंच काही उघडलं. तिसऱ्यांदा अंगठा गेला. आपल्या फोनमधून गेला म्हणजे तिकडचाही गेला असणार. तरी मेसेजच्या दोन निळ्या खुणा अर्जुन्याच्या फोनमध्ये राहणारच होत्या. वाचलं, असं सांगणाऱ्या. त्या कशा पुसायच्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. बाहेरून वच्छलाबाई हाका मारत होती, "आवं, चला ना! तुळजाबाई एकटी असंल तिथं."

गाडी काढावीच लागली. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. आज तरी बंद पडायचं होतंस, त्यांच्या मनात आलं.

वस्तीवर पन्नासेक माणूस जमलं होतं. वच्छलाबाई आत बायकांत गेली. सुंदरराव लिंबाखाली पुरुषांत टेकले. अर्जुनरावांचा मुलगा युवराज पुण्याहून निघाला होता, तो आल्याशिवाय उचलायचं नव्हतं. म्हणजे दोन-तीन तास इथंच बसायचं होतं. शेजारी धुळाजी बसला होता. शेजारच्या वस्तीवरून रोज दूध घेऊन जाणारा, छोट्या टेम्पोचा मालक. त्यानंच अर्जुनरावांना बीडकडं नेलं होतं.

"मांजरसुंब्याच्या अलीकडंच मान टाकली हो," धुळाजी येईल त्याला सांगत होता. "डॉक्टर म्हणला, तासभर आधी आणलं असतं तर माणूस हाती लागला असता. आता काय बोलावं! मी साडेसहालाच टेम्पो दारात लावलाता. मालक म्हणले, तू जा बाबा, दूध नासंल, माझी गाडी यायलीय."

"कुणाची गाडी?" कुणीतरी विचारलं.

"नाव न्हाई घेतलं. मी गेलतो दूध घालायला. पावणेआठला परत आलो तर तसेच बसलेले, घामानं चिंब. मग मीच उचलून टाकलं टेम्पोत."

"कोन असंल बे तो?" एक म्हातारा म्हणाला. "येतो म्हणून सांगायचं आन् यायचं न्हाई. असल्याच्या तोंडात शेण घालावं."

समोरच, दहा पावलांवर, सुंदररावांची पांढरी गाडी उन्हात उभी होती. येणारा-जाणारा तिच्याकडं बघतोय असं त्यांना वाटत होतं. कुणी बघत नव्हतं, पण भ्यालेल्याला कोण समजावणार? खिशातला फोन दर मिनिटाला थरथरत होता. गावाच्या ग्रुपवर श्रद्धांजल्यांचा पाऊस पडत होता. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक तिथंच मान खाली घालून हात जोडलेली चित्रं पाठवत होते.

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, सकाळी त्या घडीला आपण काय बघत होतो? काही केल्या आठवेना. कुणाच्या तरी नातवाचा नाच असेल, नाहीतर कांद्याचा भाव. दोस्त छाती धरून बसला होता आणि आपण... पुढं विचार करवेना.

दीड वाजता युवराज आला. गाडीतून उतरला तो थेट बापाच्या पायाशी पडला. त्याला लोकांनी सावरलं, पाणी पाजलं. थोड्या वेळानं तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातात अर्जुनरावांचा फोन होता.

"काका," युवराज सुंदररावांसमोर उकिडवा बसला, "परळीच्या मामाला अजून कळवलं न्हाई. नंबर ह्याच्यातच हाय आन् ह्याला कुलूप हाय. तुमी दोघांनी संगंच घेतलते ना फोन? आकडा म्हाईत हाय का?"

चार आकडे सुंदररावांच्या डोळ्यांपुढं उभे राहिले. दोघं शाळेत ज्या वर्षी पहिलीत बसले ते साल.

"आन् धुळाजी म्हणतोय, बाबा कुणाची तरी वाट बघायलते," युवराज खाली मानेनं म्हणाला. "मला बघायचंय कोन हाय तो. मारणार न्हाई मी त्याला. नुसतं विचारणार हाय."

"न्हाई रे बाळा," सुंदरराव म्हणाले. "मला कसा म्हाईत असंल?"

पोरानं मान हलवली, 'बरं' म्हणाला आणि उठला. सुंदररावांनी सुस्कारा टाकला. वाचलो, असं त्यांना वाटलं.

तिरडी बांधून झाली. शेवटचं बघून घ्या, असा पुकारा झाला तशा बायका तुळजाबाईला धरून अंगणात घेऊन आल्या. वच्छलाबाईनं तिचा दंड धरला होता. तिनं नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला, वर बघितलं, आणि तिला सुंदरराव दिसले. दिसल्याबरोबर तिनं हंबरडा फोडला.

"भावजी! आता आलाव का हो! किती वाट बघितली तुमची!"

युवराजनं मान वळवली.

"तुमचा अंगठा आला तवा मला दाखवला त्येनी," तुळजाबाई सांगत होती. "म्हणले, बघ, सुंद्याचा अंगठा आला, निघालाय तो. धुळाजीला कशाला तरास द्यायचा? मी म्हणलं पुन्हा फोन लावा, तर म्हणले, गाडी चालवताना फोन नको करू, तो पोचंल. लई विश्वास हो तुमच्यावर. उंबऱ्यात बसून राहिले, रस्त्याकडं तोंड करून." तिनं पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसले आणि अगदी साधेपणानं, जसं जावेला विचारावं तसं विचारलं, "वाटंत गाडी बंद पडली का हो, भावजी? का चाक पंचर झालतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं स्वतःहून त्यांच्या हातात सुटका आणून ठेवली होती. एक शब्द पुरे होता. व्हय वहिनी, पंचर झालतं. कोण तपासणार होतं? अंगठा पुसलेला, फोनला कुलूप, आकडा फक्त त्यांना माहीत. 'व्हय' त्यांच्या ओठांवर आलाही. सगळे त्यांच्याकडं बघत होते, वच्छलाबाईसुद्धा. तिला एवढंच ठाऊक होतं की सकाळपासून गाडी दारातून हलली नव्हती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"न्हाई वहिनी," सुंदरराव म्हणाले. त्यांनी लिंबाला हात टेकला. "गाडी बंद नव्हती पडली. मी निघालोच न्हाई."

"मग तो अंगठा?"

"माझाच. मी वाचलंच न्हाई. रोजचं फूल असंल म्हणून नुसता देऊन टाकला. साडेनवाला कळलं मला, आन् मग मी तो पुसला. मोरीत बसून पुसला, वहिनी." मग ते युवराजकडं वळले. "आकडा म्हाईत हाय मला. एकोणीसशे अडुसष्ट. उघड आन् बघ."

युवराजनं फोन उघडला. मेसेज वाचायला कितीसा वेळ लागतो? पण तो बराच वेळ वाचत राहिला. तुळजाबाईनं पदर डोक्यावर पुढं ओढला आणि सुंदररावांकडं पाठ करून बसली. इतकी वर्षं ज्या एका माणसाला ती घरचं समजत होती, तो तिच्यापुरता त्या अंगणात उरला नव्हता.

"चला, वेळ झाला," कुणीतरी म्हणालं. युवराजच्या हातात मडकं दिलं. खांदेकरी पुढं झाले. सुंदररावही पुढं झाले, पायांनीच त्यांना तिकडं नेलं. साठ वर्षांच्या दोस्तीत हे ठरलेलंच होतं. जो मागं राहील त्यानं पुढचा खांदा द्यायचा. त्यांनी वाकून बांबूला हात घातला.

"काका," युवराज हळूच म्हणाला, "तुमी नको."

त्यांनी बांबू सोडला. त्या जागी धुळाजीनं खांदा दिला आणि माणसं बांधाच्या वाटेला लागली. सुंदरराव सगळ्यांच्या मागून चालत राहिले, आणि त्यांच्या बाजूनं कुणी चाललं नाही.