पिंपाचं कुलूप

“किल्ली दे, विचेत.”

“कशाला? परत दोन वाडगे भात हादडायला? अंगठा गेला, आता अख्खा पाय घालवायचाय का, माक?”

माक म्हणजे आई; त्या नात्याने सारेत काही बोलली असती, पण पायाच्या पट्टीखाली ठणका लागला होता. मुलाने तांदळाच्या पिंपाला कुलूप ठोकलं आणि मधुमेहाच्या पथ्याचा इस्पितळाचा कागद फ्रिजवर चिकटवला. भात बंद. ब्रेड, उकडलेली ब्रोकोली, दही.

कंबोडिया सोडून अमेरिकेत लाँग बीचला येऊन तिला तीस वर्षं झाली होती. त्यातली बावीस डोनटच्या दुकानात पीठ तिंबण्यात गेली. त्यावर विचेत शिकला, गोदामात मुकादम झाला. पण दिवसभर गोड पिठात हात घालणाऱ्या सारेतला घरी भातच लागे. ब्रेड तिच्या घशाखाली उतरत नसे.

दर मंगळवारी कंबोडियन केंद्रातली आरोग्यसेविका फाल्ला यायची. सारेतला ती ओम म्हणे, थोरल्या मावशीला म्हणतात तसं. फ्रिजवरचा कागद वाचून ती हसली.

“हे लिहिणाऱ्याने आपलं आंबट सार कधी चाखलंय का, ओम?”

कुलूप पाहिल्यावर ती स्वतःच्या पिशवीतून आठवड्याचे तांदूळ आणून ओट्याखाली लपवू लागली; विचेत कामावर गेला की सारेत रांधायची. नाळीची भाजी, कारलं, मासा घातलेलं सार, आणि मुठीएवढा भात.

“आधी भाजी, मग मासा. भात शेवटी.”

“शेवटी? तोवर उरला नाही तर?”

फाल्ला पुन्हा हसली. सारेत हसली नाही. कंबोडियात लाल ख्मेरांच्या राजवटीत, उपासमारीच्या छावणीत तिची पाच वर्षांची मुलगी भात मागत मागत गेली होती. विचेत नंतर जन्मला. त्याला तिने हे कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी फाल्लाला सांगितलं.

फाल्लाने भाताचा वाडगा तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, “पहिला घास भाताचा घ्या, ओम. बाकीचा शेवटी.”

फाल्लाच्या वहीतले साखरेचे आकडे पाहून दवाखान्यातल्या नर्सने त्याच जेवणावर इन्सुलिनचं प्रमाण बांधून दिलं. सुई रोज सकाळी विचेत टोचायचा. दोन महिन्यांत साखर निम्म्यावर आली. विचेतला वाटलं, ही ब्रेडची करामत.

एका मंगळवारी तो लवकर घरी आला. त्याने आईच्या हातातला वाडगा ओढून मोरीत पालथा केला, ओट्याखालचे तांदूळही फेकून दिले.

“पोटच्या पोराच्या पाठीमागे चोरून खातेस? लाज नाही वाटत?”

“भाऊ, आकडे तरी बघा,” फाल्लाने वही पुढे केली.

“तुम्ही चालत्या व्हा आधी.”

“होते. पण सुई या भातावर बांधलीय. भात तोडलात तर आधी डॉक्टरांना फोन करा. नाहीतर...”

दार तिच्या तोंडावर बंद झालं. विचेतने फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी तेवढीच सुई, आणि बशीत ब्रेडचे दोन तुकडे.

तिसऱ्या दिवशी दुपारी सारेतला दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. ही थरथर छावणीपासून तिच्या ओळखीची होती. ती भिंत धरून पिंपापर्यंत गेली, कुलूप ओढलं, चमच्याने उचकटायला पाहिलं. मग डोळ्यांपुढे अंधारी आली.

संध्याकाळी विचेतला ती पिंपाशी पडलेली सापडली. नखं रक्ताळली होती.

“सुई दिलीत, आणि जेवण?” डॉक्टरांनी विचारलं.

“ब्रेड ठेवला होता.”

“खाल्ला का, ते पाहिलंत?”



अकरा दिवसांनी ती घरी आली. मेंदूला बराच वेळ साखरच मिळाली नव्हती. काय परत येईल, काय नाही, कोणी सांगेना. विचेतने केंद्रात फोन केला, माफी मागितली. फाल्लाचा मंगळवार दुसऱ्या कुणाला गेला होता. चार महिने थांबावं लागणार होतं.

मग त्याने स्वतःच भात रांधला, सार केलं, आईच्या मांडीवर वाडगा ठेवला आणि पाणी आणायला वळला.

सारेतने भिंतीकडे तोंड केलं. चमचा वाडग्याला लागू न देता ती भराभर खाऊ लागली. पावलं वाजली तशी तिने वाडगा पांघरुणात सारला, तोंड पुसलं आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

“जेव ना, माक. सावकाश जेव.”

तिने मान वर केली नाही.

“मी काही खाल्लेलं नाही,” ती म्हणाली.