खांद्याचं माप

एमबीबीएसच्या पहिल्या यादीत चुलतबहीण काव्याचं नाव आलं, माझं नाही. मी दुसऱ्या यादीची वाट बघत बसायचं, आणि माझ्या आईनं तिचा पांढरा ॲप्रन शिवायचा! काव्या बाईसाहेब गेल्या अक्कलकोटला पाया पडायला.

"तुमची अंगकाठी एकच की," म्हणत आईनं माझंच माप घेतलं. मी मुद्दाम खांदे आवळून उभी राहिले. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंचा ॲप्रन काखेत टरकन फाटू दे!

आईनं कापड दुहेरी अंथरलं, कात्री चालवली. एकसारखे दोन ॲप्रन कापून झाले.

"दोन कशाला?"

"दुसरा तुझा. दुसऱ्या यादीत नंबर लागायचाच हाय की."