टिल्सनसाहेबांची तिसरी निवडणूक

बाबा जाऊन महिना झाला. त्यांच्याबद्दल लिहायला बसले, की १९८२ च्या नोव्हेंबरातली एक बुधवारची सकाळच पुढे येते.

माझे बाबा, आलोशियस, वसईच्या कोर्टात वकील होते. बहारीनला आले आणि मनामातल्या एका कंपनीत टायपिस्ट झाले. चौऱ्याहत्तर साली तिथे दोन वर्षांसाठी टिल्सनसाहेब आले. अमेरिकेतल्या लहानशा गावचे वकील. कुंपणाचे तंटे, मृत्युपत्रं, दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या गायी. वसईत बाबांनीही हेच खटले चालवले होते. दोघांचं जमलं.

परत गेल्यावर साहेब अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकीला दोनदा उभे राहिले, दोनदा पडले. तिसऱ्या वेळी बाबांनी वसईतल्या निवडणुकांचा अनुभव लिहून पाठवला: "पत्रकं छापू नका. प्रत्येक मयताला जा. शेवटची मूठमाती पडेपर्यंत थांबा. मताचं नाव काढू नका."

साहेबांनी ऐकलं. वर्षभरात एक्केचाळीस मयतांना गेले. पत्रक एकही छापलं नाही.

"तिकडचे लोक म्हणतील, गिधाड आलं," आई म्हणाली.

तेव्हापासून बाबांची झोप उडाली. माणूस पडला, तर आपल्या सल्ल्यानं पडणार होता.

त्या बुधवारी बाबा सहापासून खाली जुबैदाखालांच्या घरी फोनजवळ बसले. मनामाच्या नईम मोहल्ल्यातल्या आमच्या चाळवजा इमारतीत फोन तेवढाच. अमेरिकेत अजून मंगळवारची रात्र होती, मतमोजणी चालू होती.

"वकीलसाब, ऐसे घूरोगे तो फोन डर जाएगा."

"खाला, आज मस्करी नको."

"अहो, आठ वाजले! नोकरी जाईल!" जिन्यातून आई.

"जाऊ दे, सेलिन!"

नऊला घंटी वाजली. बाबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. खरखर, गोंगाट, मग साहेबांचा बसलेला आवाज.

"हाऊ मेनी?" बाबा ओरडले. मग आमच्याकडे वळून, "तीनशे बारा! तीनशे बारा मतांनी निवडून आला! विरोधकाच्या सासूला पोचवायला गेला होता, ते अख्खं गाव फिरलं!"

खालांनी मूठभर साखर माझ्या तोंडात कोंबली. आई जिन्यातच बसून हसत सुटली.

बाबा धावत वर गेले, ट्रंक उघडली आणि वकिलीचा काळा कोट अंगात चढवला.

"टायपिस्टला कोट कशाला?" आई म्हणाली.

"उशीर का झाला, विचारतील ना," बाबा म्हणाले. "बाजू नीट मांडायला हवी."