बिडाचं पातेलं

या, असे पुढे सरकून बसा. कंबर दुखत असेल तर खुशाल भिंतीला टेका, पण कान इकडे द्या. एका स्वयंपाकिणीची गोष्ट सांगतो. यात राजा नाही, चमत्कार नाही. एक बिडाचं पातेलं आहे, आणि ते तिचं होतं.

खाणावळीच्या मागच्या दाराशी मावशी उभी होती. एकतीस वर्षं ती याच दाराने आत गेली. महिन्यापूर्वी तिला इथूनच नारळ मिळाला होता. म्हणजे एक नॉनस्टिक तवा, खोक्यासकट.

"आल्यात! देवच पावला," धाकटे मालक धावत आले. "बारा वाजता पेपरवाले येणार, आणि हा रस्सा बघा."

मावशीने झाकण उचललं. मासे, कोळंबी, शिंपले, सगळं भांडी विसळल्यासारख्या करड्या पाण्यात. तिने थेंबभर तळहातावर घेऊन चाखलं. खिळा चाटावा तशी चव.

"पातेलं घासलंत?"

"घासलं म्हणजे! तारेने, दोन तास," सूनबाई, म्हणजे धाकट्यांची बायको, म्हणाल्या. "केवढा तो काळा थर, बाई! फोटोत चमकायला नको?"

मावशीने आतून बोट फिरवलं. खरखरीत. तो थर आधी तिच्या आईने धरवला होता, मग तिने. रोज धुऊन, विस्तवावर कोरडं करून, तेलाचं बोट फिरवून. खाणावळ उघडली तेव्हा मोठं भांडं नव्हतं म्हणून तिने ते घरून आणलं. थोरले मालक तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, "मावशी, जाल तेव्हा तुमचं तुम्ही घेऊन जा." पुढे थोरले वारले. ती निघाली तेव्हा धाकटे म्हणाले, "बघू नंतर."

"टोमॅटो कधी घातलेत?"

"सकाळी सातला. मुरू दे म्हटलं."

"मुरलंय खरं. लोखंडच मुरलंय."

"मावशी, आम्ही बोलणी नंतर खाऊ. आता एवढी वेळ निभावून न्या."

"नेते. पण संध्याकाळी पातेलं माझ्याबरोबर येणार."

"न्या हो! पातेल्याचं काय एवढं!"

तिने पातेलं रिकामं केलं, धुतलं, तेल लावून तीनदा तापवलं. टोमॅटो वेगळ्या भांड्यात शिजवले. कांदा, कोळंबी, मग शिंपले. ते उघडल्यावर माशाचे तुकडे ठेवले आणि आच बंद केली. बिडाला आपल्याखालचा विस्तव काढून घेतलेला कळत नाही. ते आपलं शिजवतच राहतं. तीही तशीच. शेवटी रस्सा वाढायच्या भांड्यात ओतून तिने त्यात टोमॅटो मिसळले.

पेपरवाल्यांनी ताटल्या पुसून खाल्लं. "भांडं किती जुनं?"

"आमच्या आजीचं," धाकटे मालक म्हणाले. "तिसरी पिढी."

सूनबाईंनी हातात डाव धरला. फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडतेय."

संध्याकाळी ती पातेलं पुसून घेऊन निघाली, तर धाकट्यांनी त्याचा दुसरा कान धरला. "आता कसं देऊ? आमच्या आजीचं म्हणून छापून येणार."

"तुमच्या आजीला मी ओळखत होते. माशाचा वास आला की नाक धरायच्या. थोरल्यांनी शब्द दिलाय मला."

"कुणासमोर? आणा की एखादा साक्षीदार! उगाच हट्ट करू नका, डबा भरून देतो रश्श्याचा."

डबा तिने ओट्यावरच ठेवला.

दोन महिन्यांनी ती पहिल्यांदाच पुढच्या दाराने आत आली आणि माझ्या टेबलाशी बसली. हे सगळं मला तिनेच सांगितलं. वर भिंतीवर पातेलं टांगलेलं होतं, त्यावर दिवा सोडलेला. कडेला तांबूस गंज चढला होता. तिने उठून टेबलावरच्या बाटलीतलं तेल रुमालावर घेतलं आणि ती कड पुसायला लागली.

"ओ बाई, हात लावू नका. शोभेचं आहे ते," वाढपी ओरडला.

"गंजतंय."

"गंजेना का! कुणाला शिजवायचंय त्यात?"

ती परत खाली बसली. मग हळूच म्हणाली, "काका, थोरले बोलले तेव्हा तुम्ही होतात ना? याच टेबलावर?"

होतो. त्या चौघांतला मी एकटाच उरलोय. पण गल्ल्यावरून धाकटे मालक बघत होते, टेबल माझं नेहमीचं होतं, आणि रोज देवाचं नाव गाणारं माझं तोंड रश्श्याने भरलेलं होतं.

"नीटसं आठवत नाही हो, मावशी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. रुमालाची घडी घातली, गंजाचा डाग आत जाईल अशी, आणि उठली. जाताना माझा पाण्याचा पेला रिकामा दिसला, तो तिने भरून ठेवला.

म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. घरी जाल, पहिल्या घासाआधी देवाचं नाव घ्याल, तेव्हा तिचीही आठवण काढा. माझ्यासारखं विसरू नका.