सज्जातली टाळी

मला कुणी हळू बोल म्हटलं की माझा आवाज आणखी चढतो. नवरा म्हणतो, तुझ्या तोंडाला दारच नाही. त्या दिवशी असतं तर बरं झालं असतं.

आम्ही दोघं आणि माझ्या जाऊबाई, सहलीच्या बसने एका गावची जुनी नगरपालिका बघायला गेलो होतो. दगडी जिने, गुळगुळीत कठडे, भिंतीवर मिशाळ नगराध्यक्षांच्या तसबिरी. गाइडने सांगून ठेवलं होतं, "शेवटी एक नाटुकलं आहे हं. पूर्वी लोक सभेत गाऱ्हाणी कशी मांडायचे, ते नट करून दाखवतात." पण जाऊबाईंच्या गुडघ्यांनी जिन्यातच संप पुकारला आणि आमचा घोळका गेला पुढे निघून. मग काय, दिसेल ते दार ढकललं आणि वरच्या सज्जात जाऊन बसलो.

खाली उंच खुर्च्यांवर मंडळी बसली होती. माइकपाशी एक बाई, पर्स छातीशी गच्च धरून उभी.

"मागच्या चौकात सिग्नल बसवा, एवढंच मागते," ती म्हणत होती. "शाळा सुटते तेव्हा गाड्या थांबत नाहीत. माझी मुलगी तिथंच गेली. आता आणखी कुणाची..." आणि तिला पुढे बोलवेना.

"अगं बाई, काय रडते!" मी जाऊबाईंना म्हणाले. हळू म्हणाले, असं आपलं मला वाटलं. "अगदी खरं वाटतंय हो!" आणि टाळ्या वाजवल्या. चांगल्या कडकडून. जाऊबाईंनीही वाजवल्या, बिचाऱ्या माझ्या भरवशावर.

सगळ्या माना वर वळल्या. ती बाईही बघत राहिली. रागाने नाही, आपलंच काही चुकलं की काय, अशी.

शिपाई धावत आला. "अहो, ही खरी सभा आहे! नाटक पलीकडच्या दालनात!"

तेवढ्यात खाली घंटा वाजली. "वेळ संपली. पुढचे," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, माझं अजून..."

"पुढचे."

ती बाजूला झाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "अहो, तिचा वेळ मी खाल्ला, तिला बोलू द्या," एवढं तरी ओरडायला हवं होतं ना! एरवी बसमध्ये खिडकीसाठी भांडणारी मी, पण तेव्हा नेमकी दातखीळ बसली. नवऱ्याने दंडाला धरून बाहेर आणलं.

जाऊबाईंना एकेक पायरी उतरवत बाहेर यायला बराच वेळ लागला. आमची बस मागच्या चौकापलीकडे उभी होती. शाळा नुकतीच सुटलेली, गाड्या भरधाव. आणि रस्त्याच्या मधोमध तीच बाई, पर्स काखेत, हात वर करून उभी. गाड्या करकचून थांबल्या. पोरं दंगा करत पार झाली.

मागे राहिलो आम्ही. जाऊबाईंचा पाय उचलेना, मागून हॉर्न वाजायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. ओळखलंच. माफी मागायला मी तोंड उघडलं.

तिने हात खाली घेतला नाही.

"सावकाश या, ताई," ती म्हणाली. "मी थांबवल्यात गाड्या."