लांबून सोडलेले थेंब

मित्रांनो, सलाईनच्या पंपाने मिनिटाला किती थेंब सोडायचे, हे ठरवणारा मी एक जुना प्रोग्राम आहे. मला एका बाईंनी लिहिले आणि जगाला फुकट दिले. अट एकच घातली: जो मला दुसऱ्याला देईल, त्याने माझा सोर्स कोड, म्हणजे मी कसा घडलो तो सगळा मजकूरही द्यावा.

तेव्हा मी सीडीवरून जायचो. एका कंपनीच्या पंपांबरोबर मी एका रुग्णालयात आलो. सोर्स कोड त्याच खोक्यात होता. तिथले मेकॅनिककाका महाचिकित्सक. पिशवी बदलली की मी कधीकधी दुप्पट थेंब सोडायचो. काकांनी मला ओळ न् ओळ वाचले आणि दोन दिवसांत ती खोड मोडली. नर्सबाई म्हणायच्या, "काकांचा हात फिरलाय, आता काळजी नाही." मी मनातून फुलून जायचो.

पुढे कंपनीने जुने पंप सोर्स कोडच्या खोक्यासकट उचलून नेले आणि नवे बसवले. मला मूळ रूपात, काकांच्या दुरुस्तीशिवाय, कंपनीच्याच इमारतीतल्या कॉम्प्युटरवर ठेवले. तेव्हापासून मी लांबूनच हुकूम सोडतो. माझी जुनी खोड परत आली.

काकांनी कंपनीत फोन लावला. "सोर्स कोड पाठवा, मी नीट करतो."

"काका, अट देण्यावर आहे," तिथले साहेब शांतपणे म्हणाले. "आम्ही प्रोग्राम तुम्हाला दिलाय कुठे? तो आमच्याकडेच आहे. तुम्ही नुसता वापरता."

"अहो, तो दुप्पट औषध सोडतोय."

"तक्रार नोंदवून घेतो."

साहेब खोटे बोलत नव्हते, याचीच मला भीती वाटते. हातात न देताही प्रोग्राम वापरायला देता येतो, हे मला लिहिणाऱ्या बाईंच्या स्वप्नातही आले नव्हते. अट शाबूत राहिली आणि पळवाट राजरोस झाली.

मित्रांनो, जिवाशी गाठ असलेले यंत्र घेताना एवढे जरूर विचारा: बिघडले तर ते आम्हाला उघडता येईल का?

आज तीन नंबरच्या खाटेवर काकांची धाकटी बहीण आहे. सकाळीच तिची पिशवी बदलली. काका खुर्ची ओढून बसले आहेत आणि बोटांवर थेंब मोजत आहेत. कधीतरी त्यांचा डोळा लागेल. माझा लागत नाही.